संगणकात शिरलेले हेर

इ. स. २००० मधली गोष्ट. अमेरिकेतील एका पालकाच्या घरच्या संगणकावर ‘झोनअलार्म’ नावाचा पहारेकरी प्रोग्रॅम होता. अशा प्रोग्रॅमला फायरवॉल म्हणतात. इंटरनेटवरून आत शिरू पाहणाऱ्यांना तो अडवी, हे तर झालेच, पण आपल्याच संगणकातून बाहेर संदेश पाठवू पाहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमलाही तो दारात थांबवी आणि मालकाला विचारी, “हा बाहेर जायचे म्हणतो आहे, जाऊ देऊ का?” या पालकाला ज्याच्याविषयी सूचना मिळाली तो प्रोग्रॅम कोणा चोरट्याचा नव्हता. तो होता ‘रीडर रॅबिट’, म्हणजे लहान मुलांना वाचायला शिकवणारे एक नावाजलेले सॉफ्टवेअर. बार्बी बाहुली बनवणारी मॅटेल कंपनी ते त्या वेळी विकत असे. ज्याच्या मदतीने मूल अक्षरे ओळखायला शिकत होते तेच सॉफ्टवेअर घरच्यांच्या नकळत मॅटेलकडे माहिती धाडत होते.

आपण शिक्षकांनी हे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. एखाद्या वस्तूवर ‘शैक्षणिक’ असा शिक्का असला की आपण तिची फारशी तपासणी करीत नाही. संगणकातील हेरांचा इतिहास पाहिला तर ते बहुतेक वेळा असाच एखादा शिक्का लावून आले, असे दिसते.

‘स्पायवेअर’ हा शब्द लिखित स्वरूपात प्रथम १६ ऑक्टोबर १९९५ रोजी आढळतो. मायक्रोसॉफ्टच्या धंद्याच्या पद्धतीची थट्टा करणाऱ्या एका जाहीर संदेशात तो आला होता. आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो त्या अर्थाने तो रुळला तो २००० सालापासून. झोनअलार्म बनवणाऱ्या झोन लॅब्ज या कंपनीचे संस्थापक ग्रेगर फ्रॉइंड यांनी आपल्या फायरवॉलविषयीच्या पत्रकात तो वापरला आणि तो सर्वांच्या तोंडी झाला. ‘ॲडवेअर’ म्हणजे जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम. स्पायवेअर माहिती गोळा करतो, ॲडवेअर जाहिराती दाखवतो, असा फरक कागदावर करता येतो. व्यवहारात मात्र नेमकी जाहिरात दाखवायची तर आधी माणसाची आवड कळावी लागते, आणि आवड कळायची तर त्याच्यावर पाळत ठेवावी लागते. म्हणून ही दोन भावंडे सहसा एकत्रच नांदली.

विषाणू म्हणजे व्हायरस याहून निराळा. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात जगभर फिरला, आणि त्यात त्या भावांनी आपला पत्ताही घातला होता! त्यात पैशाचे गणित नव्हते. हेरप्रोग्रॅम स्वतःच्या प्रती काढीत नाही. त्याला बहुधा आपणच आत घेतो. त्याच्यामागे कंपनी असते, कार्यालय असते, वकील असतात आणि नफातोट्याचा ताळेबंदही असतो. विषाणू काढून टाकला म्हणून कोणी न्यायालयात जात नसे. हेराला ‘हेर’ म्हटले म्हणून मात्र खटले झाले. त्याविषयी पुढे सांगतो.

फुकटाची किंमत

१९९० च्या दशकात ‘शेअरवेअर’ नावाची एक छान प्रथा होती. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तो लोकांना मोफत वापरायला देई. आवडला तर पैसे पाठवा, अशी विनंती करी. पैसे पाठवणारे थोडेच. पुढे घरोघरी इंटरनेट पोचले तेव्हा या लेखकांना काही कंपन्यांनी एक तोड सुचवली. आमचा एक छोटा भाग तुमच्या प्रोग्रॅममध्ये घाला. तो पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती दाखवील आणि त्याचे पैसे तुम्हाला मिळतील. ऑरिएट ही त्यांपैकी एक कंपनी. फायली उतरवून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘गोझिला’ आणि ‘क्यूटएफटीपी’ या लोकप्रिय प्रोग्रॅमांबरोबर तिचा भाग येत असे.

कल्पना वाईट नव्हती. वर्तमानपत्रही जाहिरातींच्या जिवावरच स्वस्त मिळते. पण वर्तमानपत्र आपण रद्दीत घातले की त्यातली जाहिरात घरात उरत नाही. इथे मूळ प्रोग्रॅम काढून टाकला तरी जाहिरातीचा भाग मागे राही आणि काम चालू ठेवी. कॅलिफोर्नियातील प्रोग्रॅमर स्टीव्ह गिब्सन यांना २००० सालाच्या सुरुवातीस आपल्याच संगणकावर असा भाग सापडला. तो आपली खाजगी माहिती चोरत असावा असा त्यांना संशय आला. कंपनीने तो नाकारला. माहिती चोरली की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी माझ्या घरात मला न विचारता कोण राहते आहे, हा गिब्सन यांचा प्रश्न शिल्लक राहतोच. त्यांनी ‘ऑप्टआउट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून मोफत दिला. हेर शोधून काढणारे हे पहिले साधन मानले जाते. जवळजवळ त्याच सुमारास जर्मनीत लाव्हासॉफ्टचे ‘ॲड-अवेअर’ (१९९९) आणि पॅट्रिक कोल्ला यांचे ‘स्पायबॉट’ (२०००) ही साधने जन्माला आली. पुढची काही वर्षे घरचा संगणक मंद झाला की या दोघांची आठवण निघे.

दरम्यान हेरांची रूपेही वाढली. ‘कॉमेट कर्सर’ हा माऊसच्या बाणाऐवजी व्यंगचित्रातली पात्रे दाखवी. मुलांना तो फार आवडे. प्रत्येक संगणकाला एक क्रमांक देऊन तो कोणकोणत्या पानांवर वापरला गेला याची नोंद कंपनीकडे पाठवतो, हे १९९९ च्या अखेरीस उघड झाले. ‘बॉन्झीबडी’ हा जांभळा गोरिला पडद्यावर उड्या मारी, विनोद सांगे, आणि मुलांकडून त्यांची माहितीही भरून घेई. पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा केली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००४ साली त्याच्या कंपनीकडून ७५ हजार डॉलर दंड घेतला.

हे सारे इतके सोपे का झाले? त्याचे कारण त्या काळच्या विंडोजच्या रचनेत आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणक वापरणारा आणि संगणकाचा व्यवस्थापक असा भेदच नव्हता. जो प्रोग्रॅम सुरू होई त्याला सगळ्या खोल्या मोकळ्या. २००१ च्या विंडोज एक्सपीत हा भेद होता, पण घरगुती संगणकावर पहिला वापरकर्ता आपोआप व्यवस्थापकच ठरे. शिवाय १९९६ पासून ‘ॲक्टिव्हएक्स’ या तंत्राने इंटरनेटवरचे एखादे पान एका ‘होय’वर संगणकात प्रोग्रॅम बसवू शके, आणि १९९७ च्या इंटरनेट एक्स्प्लोररपासून न्याहाळकाला मदतनीस जोडण्याची सोय झाली. हा मदतनीस न्याहाळकाबरोबर सुरू होई आणि आपण उघडलेले प्रत्येक पान त्याला दिसे. चांगल्या हेतूने ठेवलेली ही दारे होती. ती हेरांच्या नेमकी उपयोगी पडली.

‘मी सहमत आहे’

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव म्हणजे गेटर. १९९८ साली निघालेल्या या कंपनीचा प्रोग्रॅम परवलीचे शब्द लक्षात ठेवी आणि इंटरनेटवरचे अर्ज भरून देई. त्या बदल्यात तो आपण काय पाहतो याची नोंद घेई आणि दुसऱ्यांच्या पानांवर आपल्या जाहिराती आणून बसवी. म्हणजे वाचक वॉशिंग्टन पोस्ट उघडी, पण वर झळकणाऱ्या जाहिरातीचे पैसे गेटरला मिळत. २००२ साली वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आदी प्रकाशकांनी तिच्यावर दावा लावला. २००३ च्या फेब्रुवारीत तो आपसात मिटला. त्याच वर्षी गेटरने आपले बदनाम नाव टाकून ‘क्लॅरिया’ हे नवे नाव घेतले. २००४ साली शेअर बाजारात उतरण्यासाठी तिने सरकारदरबारी कागदपत्रे दिली तेव्हा २००३ सालचे तिचे उत्पन्न सुमारे ९ कोटी डॉलर असल्याचे जगाला कळले. त्यातला मोठा वाटा याहूच्या मालकीच्या ओव्हर्चर या प्रतिष्ठित कंपनीकडून आला होता. हेरांना पोसणारे हात असे पांढरपेशे होते.

गेटरचे म्हणणे असे, की आम्ही कोणाच्या घरात चोरून शिरत नाही. प्रत्येकाने करार वाचून ‘मी सहमत आहे’ या बटणावर टिचकी मारलेली असते. तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत असलेल्या बेंजामिन एडलमन या संशोधकाने तो करारच मोजून काढला. सुमारे ६ हजार शब्द, आणि पडद्यावरच्या छोट्या चौकटीतून वाचायचा तर साठाहून अधिक पाने! पीसी पिटस्टॉप या कंपनीने २००५ साली याच विषयावर एक झकास प्रयोग केला. तिने स्वतःच्या एका प्रोग्रॅमच्या करारात मध्येच एक वाक्य घुसवले : हे वाचणाऱ्याने अमुक पत्त्यावर लिहावे, त्याला बक्षीस मिळेल. चार महिने गेले. तीन हजारांहून अधिक लोकांनी तो प्रोग्रॅम उतरवून घेतला, तेव्हा कुठे एकाने पत्र पाठवले. त्याला १ हजार डॉलर मिळाले. शाळेत हा प्रयोग बिनखर्चात करून पाहता येतो. सहलीच्या दोन पानी सूचनापत्रकात मधल्या परिच्छेदात एक वाक्य घालावे आणि किती सह्या येतात व किती प्रश्न येतात ते मोजावे.

संमती म्हणजे नेमके काय, हा या इतिहासातला खरा वादाचा मुद्दा आहे. कायद्याच्या दृष्टीने टिचकी म्हणजे सही. पण २००४ साली अमेरिका ऑनलाइन आणि नॅशनल सायबर सिक्युरिटी अलायन्स यांनी घरोघरचे संगणक तपासले, तेव्हा सुमारे ८० टक्के संगणकांत असे प्रोग्रॅम सापडले आणि त्यांच्या मालकांपैकी बहुसंख्यांना ते तेथे असल्याचा पत्ताच नव्हता. ज्याचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याला संमती दिली असे म्हणणे प्रस्तुत लेखकाला तरी भाषेचा दुरुपयोग वाटतो.

मोजमापाची आणखी एक पद्धत सांगण्यासारखी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील स्टीफन सारॉयू, स्टीव्हन ग्रिबल आणि हेन्री लेव्ही यांनी एकही संगणक न उघडता गणती केली. विद्यापीठातून बाहेर जाणारे इंटरनेटवरचे संदेश आठवडाभर नोंदवले आणि त्यांत गेटर व इतर तीन हेरांच्या बोलण्याच्या खास लकबी शोधल्या. डॉक्टर स्टेथोस्कोप छातीला लावतो तसाच हा प्रकार. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विद्यापीठातील ५.१ टक्के संगणकांवर या चारांपैकी एक तरी हेर आढळला. आकडा लहान वाटेल; पण विद्यापीठाच्या ६९ टक्के विभागांत असा किमान एक संगणक होता. घर मोठे असले की एक उघडे दार पुरते.

काढायचे कसे?

हेर सापडला की फाइल पुसून टाकायची, इतके सोपे हे असते तर हा लेख इथेच संपला असता. संगणक बंद केला की स्मृतीतले सर्व प्रोग्रॅम थांबतात. त्यामुळे हेराची पहिली गरज असते ती संगणक सुरू होताच आपणही सुरू होण्याची. विंडोजमध्ये ‘रजिस्ट्री’ नावाची एक प्रचंड नोंदवही असते. सुरुवातीला कोणकोणते प्रोग्रॅम चालवायचे याची यादी तीत असते, आणि अशा याद्या एक नव्हे तर अनेक ठिकाणी असतात. हेर त्यांत आपले नाव घाली. फाइल पुसली आणि नोंद राहिली तर संगणक दर वेळी चूक दाखवी. नोंद पुसली आणि हेर चालू राहिला तर तो ती पुन्हा लिही. काही हेर जोडीने राहत. एकाला थांबवले की दुसरा त्याला उठवी, दुसऱ्याला थांबवले की पहिला. म्हणून जाणते लोक संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करीत. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक तेवढेच प्रोग्रॅम चालवते. हेर झोपलेला असताना त्याची गठडी वळायची, हा त्यामागचा विचार.

कधी कधी मात्र काढण्यानेच नुकसान होई. खेड्यात विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहून घागरी हातोहात पुढे देतात, ते आठवा. विंडोजमध्ये इंटरनेटचे संदेश अशाच एका साखळीतून जातात, आणि त्या साखळीत नवा माणूस उभा करण्याची सोय होती. ‘न्यू डॉट नेट’सारखे प्रोग्रॅम या रांगेत मधोमध जाऊन उभे राहत. त्यांची फाइल नुसती पुसली की रांगेत खिंड पडे. ना घागर पुढे जाई, ना मागे येई. संगणक स्वच्छ झाला पण इंटरनेट गेले, अशी तक्रार त्या काळी सर्रास ऐकू येई. दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात पुन्हा एकमेकांना जुळवून देण्यासाठी वेगळी साधने लिहावी लागली.

मेराइन बेलेकोम या नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘हायजॅकधिस’ हा प्रोग्रॅम मला या सर्वांत अधिक शैक्षणिक वाटतो. २००३ पासून ‘कूलवेबसर्च’ नावाचा एक उपद्रवी प्रकार न्याहाळकाचे पहिले पान बळकावू लागला होता आणि दर काही दिवसांनी रूप बदलत होता. त्याच्यासाठी बेलेकोम यांनी एक खास साधन केले. पण हायजॅकधिसची रीत निराळी होती. तो कोणालाही चोर ठरवीत नसे. संगणकात ज्या ज्या मोक्याच्या जागी कोणी बसू शकतो त्या सगळ्या जागा तो पाही आणि तेथे कोण बसले आहे याची यादी देई, बस्स. यादीतला कोण आपला आणि कोण परका हे माणसानेच ठरवायचे. ते चुकले तर चांगला प्रोग्रॅमही बंद पडे. अनेक देशांतल्या स्वयंसेवकांनी अनोळखी लोकांच्या अशा हजारो याद्या विनामूल्य वाचून दिल्या. २००७ साली हा प्रोग्रॅम ट्रेंड मायक्रो या कंपनीने विकत घेतला.

लोकांची ही भीती हाही धंद्याचा विषय न झाला तरच नवल. फेडरल ट्रेड कमिशनने स्पायवेअरविरुद्ध पहिला खटला ऑक्टोबर २००४ मध्ये सॅनफर्ड वॉलेस आणि त्यांची सीस्मिक एंटरटेनमेंट ही कंपनी यांच्यावर भरला. त्यात आरोप असा होता, की न्याहाळकातील त्रुटींचा फायदा घेऊन ते लोकांच्या संगणकात हेर सोडीत, जाहिरातींचा भडिमार करीत. सीडीचा खण आपोआप उघडे आणि पडद्यावर संदेश येई की असे होत असेल तर तुम्हाला सफाईची तातडीने गरज आहे! मग ‘स्पाय वायपर’ किंवा ‘स्पाय डिलीटर’ हा प्रोग्रॅम सुमारे ३० डॉलरला घ्यायचा. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. २००६ साली न्यायालयाने त्यांना ४० लाखांहून अधिक डॉलर परत करण्याचा आदेश दिला. खोट्या सफाईवाल्यांची ही परंपरा आजही चालू आहे. ‘तुमच्या संगणकात अमुक इतके विषाणू सापडले’ असे इंटरनेटवरचे एखादे पान सांगू लागले, तर त्याने संगणक तपासलेलाच नसतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

नाव ठेवण्याचा अधिकार

हेर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला एक यादी ठेवावी लागते : हे हेर, हे नव्हेत. या यादीवरूनच लढाया झाल्या. आपल्याला स्पायवेअर म्हटले म्हणून गेटरने २००३ साली पीसी पिटस्टॉपवर बदनामीचा दावा केला. तो मिटवताना पीसी पिटस्टॉपने काही मजकूर मागे घेतला. मार्च २००४ मध्ये युटा राज्याने स्पायवेअरविरुद्ध कायदा केला, तर ‘व्हेनयू’ ही कंपनी न्यायालयात गेली आणि जूनमध्ये अंमलबजावणीला स्थगिती मिळाली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ऑक्टोबर २००४ मध्ये असा एक कायदा ३९९ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. सिनेटने तो कधीच केला नाही.

शेवटी यादी करणाऱ्यांच्या बाजूने निर्णय लागला. झँगो या जाहिरात कंपनीने आपला प्रोग्रॅम अडवला म्हणून कॅस्परस्की या विषाणूरोधक बनवणाऱ्या कंपनीवर दावा केला होता. आक्षेपार्ह वाटणारा मजकूर अडवण्याचे साधन पुरवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने जून २००९ मध्ये दिला. तोवर झँगो बंद पडली होती. २००६ सालीच तिला ३० लाख डॉलर भरून फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली होती.

गाण्याच्या तबकडीतला हेर

सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र जाहिरातींचे नव्हतेच. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने आपला एक अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी स्वतः लिहिलेला एक तपासनीस प्रोग्रॅम ते वापरून पाहत होते. त्याची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके शोधण्यासाठी तालिकापत्रे असतात. एखाद्याने पुस्तक कपाटात ठेवून त्याचे पत्र तेवढे काढून घेतले, तर पत्रे चाळणाऱ्याला ते पुस्तक नाहीच असे वाटेल. संगणकात असे करणाऱ्या तंत्राला ‘रूटकिट’ म्हणतात. रसिनोविच यांचा प्रोग्रॅम विंडोजला फायलींची यादी विचारी, मग स्वतः हार्ड डिस्कवर जाऊन कपाटे मोजी, आणि दोन्ही ताळे जुळवून पाही. त्यांच्या स्वतःच्या संगणकावरच ते जुळेनात.

माग काढता काढता ते सोनी बीएमजी कंपनीने विकलेल्या, व्हॅन झँट बंधूंच्या गाण्यांच्या एका सीडीपाशी पोचले. ती त्यांनी रीतसर विकत घेतली होती. गाण्यांच्या तीनापेक्षा जास्त प्रती काढता येऊ नयेत म्हणून तीत ‘फर्स्ट फोर इंटरनेट’ या ब्रिटिश कंपनीचा एक्ससीपी हा प्रोग्रॅम होता. डॉलरचे चिन्ह, एसवायएस ही अक्षरे आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह अशी ज्या फाइलच्या नावाची सुरुवात असेल तिला तो अदृश्य करी. फाइल मग कोणाचीही असो. करारात याचा उल्लेख नव्हता, आणि काढून टाकण्याची सोयही दिलेली नव्हती. रसिनोविच यांनी हाताने फायली काढल्या तर सीडीचा खणच संगणकाला दिसेनासा झाला. हा प्रोग्रॅम सीडीकडे जाणाऱ्या साखळीत उभा होता. घागरींच्या रांगेचीच गोष्ट पुन्हा.

पुढचे सारे वेगाने घडले. थोड्याच दिवसांत खेळांत लबाडी करणाऱ्यांनी आणि विषाणू लिहिणाऱ्यांनी तेच नाव आपल्या फायलींना देऊन त्या आयत्या बुरख्याआड लपवल्या. सोनीने काढून टाकण्यासाठी जे साधन दिले त्याने संगणकात आणखी मोठे भगदाड पडते, हे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले. भरीस भर म्हणजे, स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठी आलेल्या या प्रोग्रॅमातच मुक्त सॉफ्टवेअरचे काही भाग अटी न पाळता वापरल्याचे आढळले. कुंपणच शेत खात होते.

किती संगणकांत हा हेर गेला होता? डॅन कामिन्स्की या संशोधकाने त्याचा अंदाज फार सुरेख रीतीने घेतला. हा प्रोग्रॅम सोनीच्या एका पत्त्याशी संपर्क साधी. इंटरनेटवर नावाचा पत्ता सांगणारे जे संगणक असतात ते नुकताच विचारला गेलेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतात. पोस्टमनला “या घरी इतक्यात पत्र टाकले का?” असे विचारावे, तसे कामिन्स्की यांनी जगभरच्या अशा संगणकांना विचारले. ५ लाख ६८ हजारांहून अधिक जणांनी ‘होय’ म्हटले, आणि यातल्या प्रत्येकामागे एकाहून अधिक घरे असू शकतात. नोव्हेंबर २००५ मध्ये सोनीला तबकड्या परत मागवाव्या लागल्या. टेक्सास राज्याने दावा लावला. जानेवारी २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत ज्यांच्या संगणकाचे नुकसान झाले त्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे सोनीने मान्य केले.

दारे बंद होतात

तोवर मायक्रोसॉफ्टलाही जाग आली होती. ऑगस्ट २००४ मधल्या एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेत आपोआप उघडणाऱ्या जाहिराती अडवण्याची सोय आली आणि इंटरनेटवरच्या पानाला प्रोग्रॅम बसवणे अवघड झाले. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची एक छोटी हेरशोधक कंपनी घेतली; तिचेच सॉफ्टवेअर पुढे ‘विंडोज डिफेंडर’ म्हणून २००७ च्या व्हिस्टाबरोबर घरोघर गेले. व्हिस्टापासून व्यवस्थापकाचे अधिकार वापरण्यापूर्वी संगणक विचारू लागला. क्लॅरियाने २००६ मध्ये जाहिरातप्रोग्रॅमांचा धंदा सोडला.

आपल्याकडे या सफाईचे एक केंद्र पुणे होते. गणकयंत्रांच्या आणि पुढे संगणकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात असलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांना गिऱ्हाइकांच्या संगणकांत वारंवार विषाणू सापडत. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ जन्माला आले. कायद्याच्या बाबतीत तर भारत मागे नव्हता. ऑक्टोबर २००० पासून अमलात असलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात ‘संगणक दूषितक’ या संज्ञेची व्याख्या आहे, आणि तीत माहिती नष्ट करणाऱ्या आज्ञांबरोबरच माहिती नोंदवणाऱ्या व बाहेर पाठवणाऱ्या आज्ञाही येतात. म्हणजे स्पायवेअर हा शब्द जगात नुकता रुळत होता, तेव्हाच त्याचे वर्णन आपल्या कायद्यात बसले होते. त्या कलमाखाली घरगुती ग्राहक किती वेळा न्याय मागायला गेला, हा भाग निराळा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथून सफाईची साधने मोफत मिळतात, आणि ती पुरवणाऱ्यांत क्विक हीलही आहे.

तरीही हेर संपले नाहीत. त्यांनी आत येण्याची वाट बदलली. सप्टेंबर २०१४ पासून लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातप्रोग्रॅम कारखान्यातूनच बसवून येत होता. बँकेच्या पानावर दिसणारे कुलूप हे त्या पानाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असते, आणि कोणाची प्रमाणपत्रे खरी मानायची याची यादी संगणकात असते. सुपरफिशने त्या यादीत स्वतःचेच नाव घातले होते. त्यामुळे कुलूपबंद पाकिटेही तो वाटेत उघडून त्यांत जाहिराती घालून पुन्हा बंद करू शके. सगळ्या लॅपटॉपांवर किल्ली मात्र एकच होती, आणि तिचा परवलीचा शब्द फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाला. चोरांच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या गेल्या. लेनोव्होने २०१७ साली ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

ज्यांच्याकडे तो लॅपटॉप होता त्यांनी प्रोग्रॅमांच्या यादीत जाऊन सुपरफिश काढून टाकला, तेव्हा जाहिराती थांबल्या. प्रमाणपत्र मात्र जागच्या जागीच राहिले. ते विंडोजच्या यादीतून वेगळे शोधून पुसावे लागले. आणि फायरफॉक्स हा न्याहाळक आपली यादी स्वतंत्र ठेवतो, म्हणून तेथेही ते पुन्हा एकदा तपासावे लागले.